मांडीचे हाड आणि त्याची नावे

श्रोतेहो, आजच्या भाषणाला थोडी तयारी लागते. बसल्या जागी आपला हात मांडीवर ठेवा आणि खुब्यापासून गुडघ्यापर्यंत फिरवून पाहा. मांस दाट आहे, म्हणून आतले हाड बोटांना लागणार नाही. पण आपल्या अंगातले सर्वांत लांब आणि सर्वांत बळकट हाड ते हेच. माणसाची जेवढी उंची, तिच्या साधारण चौथ्या हिश्शाहून थोडी जास्त त्याची लांबी. साडेपाच फूट उंचीच्या गड्याचे हे हाड दीड फुटाच्या आसपास भरते.

आता प्रश्न असा, की या हाडाला म्हणायचे काय? चाकणच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उतरवणारा गडी 'मांडीचं हाड' म्हणेल. त्याची म्हातारी आई 'खुबा' म्हणेल. शाळेच्या भिंतीवरचा तक्ता 'ऊर्वस्थी' म्हणतो. पिंपरीच्या इस्पितळात डॉक्टर 'फीमर' म्हणतात. आणि भोसरीच्या कारखान्यात शेजारच्या यंत्रावर काम करणारा उत्तरेकडचा कामगार म्हणतो 'जाँघ की हड्डी'. हाड एक आणि नावे पाच. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्यानंतर या पट्ट्यात कारखाने वाढले आणि देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतून माणसे आली. ही पाचही नावे इथे एका दिवसात कानांवर पडतात. ती आली कुठून आणि त्यांचा खरा अर्थ काय, हे आज पाहू. हा नुसता शब्दांचा खेळ नाही, बरं का. चुकीच्या नावाने माणसाच्या पायाचे नुकसान होऊ शकते. ते कसे, तेही पुढे येईल.

पहिल्यांदा 'फीमर' घेऊ, कारण त्याचा दरारा सर्वांत मोठा. हा लॅटिन शब्द. मूळ उच्चार 'फेमुर'. पण जुन्या रोमन माणसाला तो ऐकून वैद्यशास्त्र आठवत नसे, त्याला आपली मांडी आठवे. 'फेमुर' म्हणजे मांडी, घरगुती बोलीतली साधी मांडी. पुढे शरीरशास्त्रज्ञांना हाडाला नेमके नाव हवे झाले, तेव्हा त्यांनी 'ओस फेमोरिस' असा प्रयोग केला. 'ओस' म्हणजे हाड, 'फेमोरिस' म्हणजे मांडीचे. म्हणजे शब्दशः 'मांडीचे हाड'! 1895 साली बाझेल शहरात युरोपातल्या शरीरशास्त्रज्ञांनी लॅटिन नावांची यादी मुक्रर केली, आणि आज जगभर चालणाऱ्या यादीतही 'फेमुर' व 'ओस फेमोरिस' ही दोन्ही नावे शेजारी शेजारी आहेत. गुरुजी, एखादा विद्यार्थी उत्तरपत्रिकेत 'मांडीचे हाड' असे लिहील, तर त्याचे गुण कापू नका. रोमच्या पंडितांनी जे लॅटिनमध्ये लिहिले तेच त्याने मराठीत लिहिले आहे.

आता तक्त्यावरची 'ऊर्वस्थी'. संस्कृतात मांडीला 'ऊरु' म्हणतात. ऊरु अधिक अस्थि, यांचा संधी ऊर्वस्थि. मनु अधिक अंतर 'मन्वंतर' होतो, त्याच रीतीने. मराठीच्या लेखननियमाप्रमाणे शेवटची वेलांटी दीर्घ झाली. 'ऊरु' हा शब्द आपल्या पुराणांत भरपूर आहे. नारायण ऋषींच्या ऊरूपासून जन्मली म्हणून उर्वशी, अशी कथा सांगतात. और्व ऋषींचा जन्मही मांडीतूनच झाल्याचे महाभारत सांगते. आणि दुर्योधनाची मांडी भीमाने गदेने फोडली, ती कथा कोणाला ठाऊक नाही? भास नावाच्या जुन्या नाटककाराचे त्यावर 'ऊरुभंग' नावाचे नाटकच आहे. त्याची नाटके पुष्कळ काळ अंधारात होती. गणपतिशास्त्री यांनी ती त्रिवेंद्रमहून 1912 पासून छापून प्रसिद्ध केली. 'ऊरुभंग' याचे साधे मराठी काय? मांडीचे हाड मोडणे. आज फिर्यादीत नि इस्पितळाच्या कागदावर जे लिहितात, तेच त्या नाटकाचे नाव.

मात्र 'ऊर्वस्थी' लिहिताना पोरे चुकतात, आणि त्यात त्यांचा फार दोष नाही. दीर्घ ऊ चा 'ऊरु' म्हणजे मांडी. ऱ्हस्व उ चा 'उरु' म्हणजे विस्तीर्ण. 'उरस्' म्हणजे छाती. आपला 'ऊर भरून आला' यातला ऊर तो हाच, आणि मराठीत येताना त्याने दीर्घ ऊ घेतला! छातीच्या मधल्या हाडाला शास्त्रात 'उरोस्थी' म्हणतात. आता पाहा, उरोस्थी आणि ऊर्वस्थी. घाईत लिहिलेल्या चिठ्ठीवर यांत फरक तो किती? पण एक हाड काळजावर आहे आणि दुसरे मांडीत. पारिभाषिक शब्द बनवणाऱ्यांनी संस्कृताचा आधार घेतला हे ठीकच. एका शब्दातून शंभर शब्द काढण्याची त्या भाषेची ताकद मोठी आहे. पण ऐकणाऱ्याच्या कानाचाही थोडा विचार व्हायला हवा होता, असे मला वाटते.

कानाचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. 'अस्थी' हा शब्द खेड्यात केव्हा उच्चारतात? चिता विझल्यावर. अस्थी गोळा करतात आणि आळंदीला इंद्रायणीत सोडतात. जिवंत माणसाच्या अंगात असते ते 'हाड'. मेल्यावर उरतात त्या 'अस्थी'. संस्कृतात असा भेद नाही, तो मराठीने केला. म्हणून खाटेवरच्या आजीला तिच्या 'अस्थी'बद्दल कोणी सांगू लागला, तर ती घाबरली तर नवल नाही. तिला 'हाड' म्हणा. 'हाडांचे डॉक्टर' म्हणा, हवे तर 'हाडवैद्य' म्हणा.

व्याकरणाची आवड असलेल्या शिक्षकांसाठी एक गंमत. संस्कृतात मांडीला 'सक्थि' असाही शब्द आहे. जुन्या इराणी भाषेत तो 'हख्ति' होतो. सप्ताचा हप्ता झाला, त्याच वाटेने. पाणिनीने एका सूत्रात चार शब्द एकत्र बसवले आहेत, कारण त्यांची रूपे सारख्याच आडरीतीने चालतात. ते चार म्हणजे अस्थि, दधि, सक्थि आणि अक्षि. हाड, दही, मांडी आणि डोळा! अर्थाने यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण हाड आणि मांडी यांची गाठ एका सूत्रात पडली ती अशी.

आता वैद्यांकडे वळू. सुश्रुताने शरीरात 300 हाडे मोजली, चरकाने 360. आज आपण मोठ्या माणसाची 206 मोजतो. जुन्या गणनेत दात आणि कूर्चाही धरल्या जात, म्हणून आकडा मोठा. पण पायापुरते सुश्रुताचे बोलणे ऐका. ऊरूत हाड एक, गुडघ्यात एक, आणि जंघेत दोन. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे. हाडांचे त्याने पाच प्रकार केले, त्यांत लांब पोकळ हाडांना 'नलक' म्हटले. नलक म्हणजे नळी. मटणाच्या रश्शात पोराच्या वाटीला 'नळी' आली की ते ताट आपटून मगज काढते ना, ती नळी आणि सुश्रुताचे नलक एकच. आणि हाड नळीसारखे पोकळ आहे, म्हणूनच आजचा उपचार शक्य झाला. 1939 साली क्युंट्शर नावाच्या जर्मन शल्यवैद्याने मोडलेल्या मांडीच्या हाडाच्या पोकळीत पोलादी सळई घालून दोन्ही तुकडे एका रेषेत धरले. आज आपल्या भागात 'मांडीत रॉड घातलाय' असे सांगणारी माणसे गावोगाव भेटतात. ती सळई या नळीत असते.

सुश्रुताजवळ सळई नव्हती. मांडी किंवा पोटरीचे हाड मोडले तर रोग्याला फळीवर निजवावे आणि पाय हलू नये म्हणून पाच खुंट्या ठोकून तो बांधावा, असे तो सांगतो. या उपायाला त्याने 'कपाटशयन' म्हटले. इथे कपाट म्हणजे दाराची फळी. मोडलेल्या अवयवाला बाहेरून आधार देण्यासाठी झाडांच्या साली वापरायला तो सांगतो, त्या सालींत उंबर, पळस, पिंपळ आणि वड आहेत, बांबूही आहे. पिंपळ म्हटले की पिंपरी आठवते आणि वड म्हटले की चिंचवड. चिंच आणि वड यांवरून ते नाव पडले असे लोक सांगतात. गावांच्या नावांचा नि हाडांचा संबंध नाही, हे कबूल. पण ज्या झाडांवरून आपली गावे ओळखली जातात, त्यांचीच साल एके काळी मोडलेल्या पायाला बांधत, एवढे खरे. पिंपरीचा दुसरा संबंध मात्र पक्का आहे. हाड कातडी फोडून बाहेर आले की त्यात पू होई आणि माणूस दगावे. पेनिसिलिन आल्यावर हे भय पुष्कळ कमी झाले, आणि ते औषध आपल्या देशात बनवण्यासाठी हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना 1954 साली पिंपरीलाच स्थापन झाला.

असो. आता आपल्या घरच्या शब्दाकडे येऊ. 'मांडी' हा शब्द मराठीने किती प्रेमाने वापरला आहे! कानडीत 'मंडि' म्हणजे गुडघा. शेजारच्या भाषेतला हा शेजारी शब्द. आपण मांडी घालून जेवतो, मांडीला मांडी लावून बसतो म्हणजे बरोबरीने बसतो. घोडेस्वाराची 'मांड' पक्की असावी लागते, कारण घोडा लगामापेक्षा मांडीच्या पकडीने ताब्यात राहतो. आपलीच मांडी उघडी केली तर लाज आपलीच, असेही आपण म्हणतो. पोटचा मुलगा 'औरस', म्हणजे उरापासूनचा. आणि दत्तक घेतलेला मुलगा 'मांडीवर घेतलेला'. पोटच्या पोराला छाती आणि दत्तकाला मांडी, अशी ही वाटणी. दुसऱ्या देशांतही मांडीला असाच मान आहे. बायबलच्या जुन्या करारात अब्राहामाचा सेवक धन्याच्या मांडीखाली हात ठेवून शपथ घेतो. ग्रीकांचा डायोनिसस देव बापाच्या, म्हणजे झ्यूसच्या मांडीत वाढला. ग्रीक भाषेत मांडीला 'मेरॉस' म्हणतात. इ. स. पू. 326 च्या सुमारास सिकंदराबरोबर आलेल्या ग्रीकांनी आपल्या इकडे 'मेरु' पर्वताचे नाव ऐकले मात्र, त्यांना वाटले, हीच ती देवाची मांडी, आपला देव इथे येऊन गेला! दोन भाषांतले दोन शब्द सारखे वाजले की शहाणी माणसेही अशी फसतात.

आपणही फसतो. 'जांघ' या शब्दाने आपल्याला जेवढे फसवले तेवढे दुसऱ्या कोणी नाही.

सुश्रुताचे वाक्य आठवा: जंघेत हाडे दोन. मांडीत तर एकच असते. दोन हाडे कुठे असतात? गुडघ्याच्या खाली, नडगीच्या भागात. म्हणजे संस्कृतातली 'जंघा' ही गुडघा ते घोटा. तो शब्द प्राकृतातून पुढे चालत आला आणि चालता चालता पाय चढून वर गेला! हिंदीत 'जाँघ' झाला तो थेट मांडीवर थांबला. मराठीत आणखी वर सरकला आणि मांडी जिथे धडाला मिळते त्या खोबणीत जाऊन बसला. 'जांघेत अवधान आले' असे आपण म्हणतो, ते तिथे गाठ सुजते तेव्हा. देवळांच्या शिल्पशास्त्रात भिंतीच्या मुख्य भागालाही 'जंघा' म्हणतात. तो शब्द आपल्या जागी स्थिर राहिला, दगडात होता म्हणून असेल.

मराठी 'जांघ' या शब्दाच्या मागे आपल्या भागात एक दुःखाचा इतिहासही आहे. पुण्यात 1896–97 मध्ये प्लेग आला. या रोगात जांघेत किंवा काखेत गाठ येते. त्याचे इंग्रजी नाव 'ब्युबॉनिक' हे ग्रीक 'बूबोन' या शब्दावरून, आणि त्याचा अर्थ जांघ हाच आहे. प्लेग कमिटीचा प्रमुख रँड याच्या हाताखाली 1897 च्या मार्चपासून गोऱ्या सोजिरांनी घरोघर झडत्या सुरू केल्या. रोगी शोधायचा म्हणजे गाठ शोधायची, आणि गाठ शोधायची म्हणजे माणसांच्या, बायकांच्यासुद्धा, जांघा आणि काखा तपासायच्या. ज्या अवयवाचे नाव घरात चारचौघांत कोणी घेत नसे, त्याची तपासणी परक्यांच्या देखत होऊ लागली. देवघरात बूट गेले, सामान जाळले गेले, याचा राग होताच; पण अंगाला हात लागला याचा राग वेगळा होता. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. ती झाडणारे दामोदर चापेकर आणि त्यांचे भाऊ चिंचवडचे. दामोदरांना 1898 साली आणि बाळकृष्ण व वासुदेव यांना 1899 साली फाशी झाली. आज चिंचवडच्या चापेकर चौकातून रोज हजारो माणसे जातात. रोगाची तपासणी आवश्यक होती, हे वैद्यकाच्या दृष्टीने नाकारता येत नाही. पण हात कुठे लावतो आहोत आणि त्या जागेचे लोकांच्या मनात काय स्थान आहे, याची फिकीर त्या कमिटीने केली नाही.

आता आजची गोष्ट घ्या. समजा, रात्रपाळीत जड साचा घसरला आणि एका कामगाराच्या पायावर आला. तो म्हणतो, "जाँघ में लगा है।" त्याला म्हणायचे असते, मांडीला. ऐकणारा मराठी मुकादम समजतो, जांघेत लागले. म्हणजे नाजूक जागी काही मुका मार लागला, लाजेमुळे धड सांगत नाही, घडीभर पडून राहू दे. आणि मांडीचे हाड मोडले असेल तर घडीभर पडून राहणे परवडत नाही. एवढे मोठे हाड मोडले की आतल्या आत लिटर-दीड लिटर रक्त मांसात साचू शकते. वर जखम दिसत नाही, थेंबही सांडत नाही, आणि माणूस पांढराफटक पडून घामाने थबथबतो. पाच लिटरच्या आसपास रक्त असलेल्या अंगातून हे जाते, म्हणजे किती झाले याचा हिशेब चौथीचे पोरही करील.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत चूक उलट दिशेने होते. आजी न्हाणीघरात घसरली की घरचे म्हणतात, 'कंबर धरली' किंवा 'खुबा मोडला'. कंबर म्हणून शेक-लेप चालतो, दिवस जातात. प्रत्यक्षात बहुधा मोडलेले असते ते मांडीच्याच हाडाचे वरचे टोक. हे हाड वर वाकून खुब्याच्या खोबणीत गोल डोक्याने बसते; त्या डोक्याखालची मान बारीक असते आणि म्हातारपणी ठिसूळ होते. पडलेल्या माणसाला त्या पायावर उभे राहता येईना, तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसू लागला आणि पाऊल बाहेरच्या अंगाला कलंडले, तर कंबर नव्हे, हे हाड गेले असे समजावे आणि त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. 'खुबा' हा शब्द चुकीचा नाही हं. तो सांध्याचा आहे, आणि मोडते ते सांध्यातले हाड.

म्हणून शिक्षकांना एक सुचवतो. तक्त्यावर 'ऊर्वस्थी' असेल तिथेच खाली खडूने 'मांडीचे हाड' लिहा, आणि वर्गात हिंदी बोलणारी मुले असतील, या भागात ती असतातच, तर त्यांना त्यांचा शब्द विचारा आणि तोही फळ्यावर लिहा. मग एका मुलाला उभे करून प्रत्येक शब्द उच्चारताना बोट नेमके कुठे ठेवायचे ते दाखवायला सांगा. जंघा, जाँघ, जांघ, मांडी, खुबा. बोट नडगीपासून कमरेपर्यंत फिरून येईल. पोरे हसतील. हसू द्या.

आणि शेतात, रस्त्यावर किंवा बैलगाड्याच्या घाटात कोणाची मांडी मोडल्याची शंका आली, तर ओढून सरळ करू नका, चोळू तर मुळीच नका. दोन पायांच्या मधे घोंगडी किंवा टॉवेलची घडी ठेवा आणि दुखरा पाय आहे त्या स्थितीत चांगल्या पायाला उपरण्याने, पण मोडलेल्या जागेच्या वर आणि खाली, बांधा. खायला-प्यायला देऊ नका, कारण बहुधा भूल द्यावी लागते. मग 108 ला फोन करा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा 2014 पासून आहे. पलीकडून कोणत्याही भाषेत विचारले, तरी शब्दावर विसंबू नका, जागा सांगा. डावा पाय की उजवा, गुडघ्याच्या वर की खाली, किती वर, सूज आहे का, पाऊल हलते का. तेवढ्यावरून पलीकडच्या माणसाला फीमर कळतो.